भेगाळलेली भुई आणि कवितेची नजर

बीड जिल्ह्यातल्या एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या कवितेत नदी, झाडं, पाऊस असायचा आणि त्यांतून कवीचं मन कळायचं. आजच्या कवितेत टँकर, टॉवर, पत्र्याची शेडं, सोयाबीनची पोती एवढंच दिसतं. ही बाहेरच्या जगाची नुसती नोंद झाली, तिला कविता का म्हणायचं? आणि स्वतःच्या गावातल्या दुष्काळावर लिहायचं असेल तर हे बाहेरचं जग कवितेत आणायचं कसं?

मी मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत बरीच वर्षं कविता शिकवली, नव्या कवींची हस्तलिखितं वाचली आणि स्वतःही लिहीत आलो. त्या अनुभवातून उत्तर देतो. जरा लांबेल, कारण प्रश्न मोलाचा आहे.

मन आजच्या कवितेतही आहे. समोरच्या शंभर गोष्टींतून कवीने कोणती उचलली, ती कुठे उभं राहून पाहिली, आधी काय सांगितलं आणि काय मागे ठेवलं, यात ते सापडतं. ही रीत कालपरवा बाहेरून आली असं मात्र समजू नका. तिचा एक फार जुना नमुना आपल्या पैठणचाच आहे.

सातवाहन राजा हाल याच्या नावावरची 'गाथासप्तशती' महाराष्ट्री प्राकृतातली, सुमारे सातशे गाथांची. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आजचं पैठण, आणि या गाथांमध्ये गोदावरी पुन्हा पुन्हा येते. त्यातली एक गाथा एवढंच सांगते: बघ, कमळाच्या पानावर ती बगळी कशी निश्चल बसली आहे, पाचूच्या स्वच्छ तबकात शंखाची शिंपली ठेवावी तशी. गाथा इथेच संपते. अकराव्या शतकात काव्यशास्त्रकार मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त ती उदाहरणाला घेतली आणि उलगडून दाखवली. बगळी हलत नाही, म्हणजे तिला भीती वाटत नाही. भीती वाटत नाही, म्हणजे इथे माणूस फिरकत नाही. म्हणजे दोघांना भेटायला जागा चांगली आहे, आणि बोलणारी स्त्री आपल्या प्रियकराला तेच सुचवते आहे. मम्मट दुसरा अर्थही देतो: बगळी अजून बिचकलेली नाही, तेव्हा तू इथे आलाच नव्हतास, खोटं बोलतोस. एका पक्ष्याच्या न हलण्यात निमंत्रण वाचा किंवा ठपका वाचा, दोन्ही वेळा पक्षी आपल्या जागी पक्षीच राहतो. त्याच्या तोंडी कुणाचं दुःख घातलेलं नाही.

याच गोदावरीकाठच्या नांदेडात १९१३ साली वा. रा. कांत जन्मले. 'बगळ्यांची माळ फुले अजुनि अंबरात' ही त्यांची कविता गीत होऊन घराघरांत पोचली. तिथे बगळे दिसतात आणि लगेच आठवणीचं दार उघडतं, कवी जुन्या भेटीविषयी बोलू लागतो. मला ते गीत फार प्रिय आहे. पण बाहेरच्या वस्तूवर जास्त विश्वास कोणी टाकला, असं विचारलंत तर मी गाथेकडे बोट दाखवीन. तुम्ही ज्याला 'जुनी कविता' म्हणता ती बहुधा कांतांच्या वळणाची, म्हणजे केशवसुतांनंतरची. त्याआधीही बघण्याच्या कितीतरी तऱ्हा होऊन गेल्या.

त्या केशवसुतोत्तर काळातही सगळं एकसारखं नाही. बालकवींना (१८९०–१९१८) आपण 'निसर्गकवी' म्हणून मोकळे होतो. 'औदुंबर' आठ ओळींची कविता, पाठ असेल तुम्हाला. आता फक्त डोळा कसा फिरतो ते बघा. आधी दोन्ही तटांची हिरवाळी आणि मधून वाहणारा निळासावळा झरा. मग नजर लांब जाते, पैल टेकडीकडचं चार घरांचं गाव. मग अलीकडे शेतमळे. त्यातून निघालेली पांढरी पायवाट, 'हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे'. आणि डोहात पाय सोडून बसलेलं ते झाड. निळासावळा, हिरवा, पांढरा, पुन्हा हिरवा आणि शेवटी काळा. आठ ओळींत 'मी' कुठेच नाही. 'उदास' नाही, 'मृत्यू' नाही. तरी पायवाट त्या डोहाकडे वळली की वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. सगळं काम रंगांच्या क्रमाने आणि वाटेच्या दिशेने केलं आहे. भाव उघडा झालाय तो फक्त 'गोड काळिमा'तल्या 'गोड' या एका शब्दात, आणि तोही काळिम्याला चिकटून. वर्गात मी ही कविता आधुनिक कवितेचा पाठ म्हणून शिकवायचो ती याच कारणाने.

मर्ढेकरांपाशी (१९०९–१९५६) मात्र काहीतरी निर्णायक घडतं. 'काही कविता' १९४७ साली आला. त्यातली मुंबई बंदरावरची माघातली सकाळ घ्या: 'डोकीं अलगद घरें उचलती / काळोखाच्या उशीवरूनी'. जागं होणारं माणूस या ओळीत दिसत नाही. डोकं घराला आहे, उशी काळोखाची आहे. माणसाचं काम वस्तू करते आणि माणूस वस्तूंत विरून जातो. उंदरांच्या कवितेत हीच अदलाबदल भीषण होते: 'ओठांवरती ओठ मिळाले, / माना पडल्या, आसक्तीविण.' प्रेमकवितेची सगळी सामग्री इथे आहे आणि ती पिपात मेलेल्या उंदरांसाठी वापरली आहे. वाचताना आपल्याला जे वाटतं ते कवीने कुठेच लिहिलेलं नाही, ते शब्द आणि वस्तू यांच्या न जुळण्यातून येतं. निसर्ग आपल्या मनाला साद देतो, ही जी खात्री आधीच्या कवींना होती, ती इथे तुटली. बाहेरचं जग आपल्यासाठी थांबलेलं नाही, ते आपल्याशी बोलेलच असं नाही, हे गृहीत धरून कविता लिहिली जाऊ लागली. आधुनिकता म्हणून जे काही आहे त्याचा गाभा मला इथे दिसतो. मुक्तछंद, शहर, यंत्रं या गोष्टी त्याच्या मागून आल्या.

युरोपात हा पालट थोडा आधी झाला. कवी-समीक्षक टी. एस. एलियटने १९१९च्या हॅम्लेटवरच्या लेखात मांडलं की भावना थेट सांगता येत नाही, तिला वस्तूंचा, प्रसंगाचा, घटनाक्रमाचा जुळणारा ऐवज शोधावा लागतो. त्यापेक्षा मला जर्मन कवी रिल्केचं उदाहरण जास्त शिकवून गेलं. तो पॅरिसमध्ये रोदँ या शिल्पकाराच्या सहवासात होता. स्फूर्तीची वाट न बघता रोज कामाला बसणारा तो कारागीर बघून रिल्केला वाटलं की कवितेलाही अशी मेहनत हवी, समोरच्या वस्तूपाशी तासन्‌तास थांबायला हवं. तिथल्या प्राणिसंग्रहालयातल्या बिबट्यावरची त्याची कविता त्या थांबण्याचं फळ आहे. गजांपुढून येरझाऱ्या घालून त्या जनावराची नजर इतकी थकली आहे की तिच्यात आता काही मावत नाही. त्याला हजार गज आहेत असं वाटतं आणि त्या हजार गजांपलीकडे जगच नाही. मधूनच पापणी उघडते, एक चित्र आत शिरतं, ताणलेल्या शांत अंगातून जातं आणि हृदयाशी पोचून संपतं. रिल्के बिबट्याची कीव करत नाही, त्याला स्वातंत्र्याचं प्रतीक करत नाही. तो फक्त बघण्याची कृती शेवटपर्यंत नेतो.

अमेरिकेत विल्यम कार्लोस विल्यम्स दिवसा डॉक्टरकी करायचा. लाल हातगाडी, तिच्यावर पावसाच्या पाण्याची चकाकी, शेजारी पांढऱ्या कोंबड्या, अशी त्याची १९२३ची सोळा शब्दांची कविता जगभर शिकवली जाते. आमच्याकडे मुलं ती वाचतात आणि निष्कर्ष काढतात की वस्तूचं नाव घेतलं, ओळ तोडली, झाली कविता. तसं नाही. त्या कवितेची सुरुवातच 'किती काही अवलंबून आहे' अशा अर्थाच्या शब्दांनी होते. ते शब्द काढले तर मागे फोटो उरेल. त्या शब्दांमुळे आपण हातगाडीकडे बघत राहतो आणि काय अवलंबून आहे ते आपलं आपण शोधतो.

म्हणून तुमच्या तक्रारीतला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. आज छापून येणाऱ्या पुष्कळ कवितांत मॉल, मोबाईल, टॉवर, हायवे हे शब्द पाट्यांसारखे उभे केलेले असतात. जागतिकीकरण आलं हे कळावं म्हणून टॉवर. गाव बदललं हे कळावं म्हणून मोबाईल. नाव घेणं आणि बघणं यात अंतर आहे. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'तही (१९७२) वस्तूंच्या, माणसांच्या, शिव्यांच्या लांबच लांब माळा आहेत, पण तिथे यादीला श्वास आहे, वेग आहे, आणि मुख्य म्हणजे यादी करणारा मुंबईतल्या त्या वेश्यावस्तीच्या आत उभा आहे. बाहेरून गाडीच्या काचेतून केलेली यादी त्या शेजारी ठेवली की फरक लगेच कळतो.

कवी कुठे उभा आहे हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना सगळ्यात आधी विचारत आलो. अरुण कोलटकर मुंबईतल्या काळ्या घोड्याजवळच्या एका उपाहारगृहात वर्षानुवर्षं बसत आणि समोरचा चौक बघत. त्या टेबलावरून दिसेल तेवढं जग त्यांनी 'काला घोडा पोएम्स'मध्ये (२००४) घेतलं. त्यांच्या 'जेजुरी'त (१९७६) बघणारा भाविकही नाही आणि थट्टेखोर पाहुणाही नाही. त्या मधल्या जागेवरून दगड, देव, दरवाजा, नळ सगळे सारख्याच लक्षाने दिसतात.

आपल्या मराठवाड्यात ही उभं राहण्याची जागा बहुतेक वेळा कामाची जागा असते. जनाबाई गंगाखेडची. 'झाडलोट करी जनी । केर भरी चक्रपाणी' या अभंगात पुढे देव पाटी डोक्यावर घेतो आणि केर लांब नेऊन टाकतो. देव आला म्हणून केर नाहीसा झाला नाही, तो उचलावा लागला. ज्याने कधी झाडलं आहे त्यालाच ती पाटी सुचेल. डोळ्यांआधी हाताला कळलेलं जग असं कवितेत येतं तेव्हा त्याला वजन असतं. इंद्रजित भालेरावांचा 'पीकपाणी' (१९८९) वाचताना हेच जाणवतं. शेत तिथे देखावा म्हणून येत नाही, राबण्याचं ठिकाण म्हणून येतं. ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कवितां'मध्ये (१९६७) रान श्रीमंत आहे, अंगाला भिडणारं आहे. अजिंठ्याच्या परिसरातल्या पळसखेडच्या त्या शेतकऱ्याने ते पिकवलेलं होतं, म्हणून ते खरं होतं.

पण महानोरांचं रान आज कुणी उसनं घेऊ नये. लातूर भागातला पंचविशीतला मुलगा चांदण्यात डोलणाऱ्या ज्वारीवर लिहून आणतो, तेव्हा मी त्याला विचारतो, तुझ्या धुऱ्यावर उभं राहिलं की काय दिसतं? दिसतं सोयाबीन. ज्वारी माणसापेक्षा उंच वाढते, तिच्यात लपता येतं, पाखरं येतात, राखणीला माळा बांधावा लागतो, गोफण लागते, हुरडा होतो, मागे जनावरांना कडबा उरतो. सोयाबीन मांडीएवढं. त्यात कुणी लपत नाही, पाखरं राखावी लागत नाहीत, आणि कडबा नाही म्हणून दावणीची जनावरंही कमी झाली. एका पिकाने रानातला आवाज, उंची, रात्रीची राखण, गोठा, सगळं बदललं. आता सुगीचा क्षण कुठे आहे? ऑक्टोबरात, आडतीवर. व्यापारी मूठभर दाणे ओलावा मोजायच्या यंत्रात टाकतो, आकडा उमटतो आणि भाव तुटतो. तेवढा वेळ शेतकरी त्या छोट्या काचेकडे बघत असतो. अख्खं वर्ष त्या आकड्यात आहे. हे दृश्य मला मराठी कवितेत फार थोड्या वेळा भेटलं, आणि चांदण्यातली ज्वारी मात्र शेकडो वेळा. सोयाबीनची पोती कवितेत दिसली म्हणून तुम्ही नाराज आहात. माझं म्हणणं, ती अजून पुरेशी दिसलेली नाहीत.

आता दुष्काळ. यावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण आमच्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत सर्वांत जास्त कविता याच विषयावर असतात आणि त्यांतल्या बहुतेकींत भेगाळलेली भुई असते. तिला डोळे असतात, ओठ असतात, ती आभाळाकडे बघते. आपल्या काळ्या मातीला कोणीतरी नीट बघा. तिच्यात चिकणमाती भरपूर, ती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसते. त्यामुळे उन्हाळ्यात तिला दर वर्षी भेगा पडतात, चांगला पाऊस झालेल्या सालानंतरही. नांगरून रान तापू द्यायचं आणि वळवाचं पाणी त्या भेगांतून खोल उतरू द्यायचं, हे शेतकऱ्याच्या हिशेबात बसलेलं आहे. भेग त्याला दरवेळी संकट वाटत नाही. वर्तमानपत्रात दुष्काळाचं म्हणून येणारं चित्र पुष्कळदा आटलेल्या तलावाच्या तळाचं असतं. शेतकऱ्याच्या घरातली मुलं शेत सोडून त्या चित्राला कवितेत घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा छापील चित्र जास्त खरं वाटू लागलं की कवितेतलं बाहेरचं जग संपलं.

शिवाय एकच चित्र सगळ्या दुष्काळांना लावलं की ते दुष्काळ एकमेकांत मिसळून जातात. आपली म्हातारी माणसं सांगतात, बहात्तरला पाणी होतं, धान्य नव्हतं. आता दुकानात धान्य आहे, पाणी नाही. बहात्तरचा दुष्काळ म्हणजे खडी फोडायची कामं, मदत म्हणून वाटलेली सुकडी, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. एप्रिल २०१६चा दुष्काळ म्हणजे मिरजेहून लातूरला रेल्वेने आलेलं पाणी. पहिल्याची चव आहे, हाताला पडलेले घट्टे आहेत. दुसऱ्यात एका शहराची तहान रुळांवरून भागवली जाते. रेल्वेवर तेव्हा खूप कविता आल्या, आणि बहुतेकींनी गाडीला देवदूत केलं, भगीरथ केलं, आई केलं. टाक्यांची गाडी पाणी घेऊन येते, हे इतकं विलक्षण होतं की त्यावर उपमा चढवली की ते कमीच होत गेलं.

किल्लारीचं उदाहरण द्यावंसं वाटतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं होतं. तिथली घरं दगडमातीच्या भिंतींची, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. पावसात गळू नये म्हणून माळवदावर माती घालत राहायची, थर वाढत जायचा. ऊन, पाऊस, थंडी यांपासून घराला वाचवणारा तो थर त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर आला. आपल्या कवितेत 'घर' म्हणजे सावली, ऊब, आईची कूस. किल्लारीनंतर मराठवाड्यातल्या कवीला घर हा शब्द तसा बिनघोर वापरता येत नाही. आणि हे सांगायला प्रतीक लागत नाही. माळवद कसं बांधतात, माती कोण घालायचं, पाटी कोण वर द्यायचं, एवढं क्रमाने सांगितलं तरी वाचणाऱ्याला शेवटची ओळ आधीच दिसू लागते. वस्तूचं काम नेमकं ठाऊक असलं की तिच्यातला अर्थ बाहेरून भरावा लागत नाही, हे मला या एका उदाहरणाइतकं दुसऱ्या कशाने पटलेलं नाही.

तर तुम्हाला लिहायचं असेल तर तुमच्या गावच्या टँकरपासून सुरू करा. तो विहिरीत पाणी सोडतो की टाकीत? हंडे रांगेत कुणाचे आधी लागले आहेत, आणि हंड्याची मालकीण तिथे आहे की रोजगाराला गेली आहे? पाणी खाली पडतं तेव्हा गढूळ होतं का, निवळायला किती वेळ वाट बघतात, की थांबतच नाहीत? कुणाला शेवटी भरू देतात? बीड जिल्ह्यातल्या आहात, म्हणजे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्यांची घरं तुमच्या गल्लीत असतील. कुलूप लागलेल्या त्या दारासमोर मागे राहिलेली आजी कुणासाठी पाणी भरते, कोणतं भांडं वापरते, ते लिहा. यातलं सगळं कवितेत जाणार नाही. दोनच गोष्टी जातील. पण त्या दोन कोणत्या हे बाकीच्या दहा पाहिल्याशिवाय कळत नाही.

आणि तुम्ही स्वतः रांगेत आहात की बाजूला उभ्या आहात, हे लपवू नका. महाविद्यालयातून आलेली मुलगी रांगेकडे बघते आहे, तिच्या पाठीवरच्या पिशवीत पाण्याची बाटली आहे, ही कविता एक. आईबरोबर कळशी धरून उभी असलेली मुलगी, ही कविता दुसरी. पहिली लिहिताना दुसरीचा आवाज घेतला की वाचणाऱ्याला लगेच कळतं.

खर्डा तयार झाला की त्यातली 'भकास', 'उदास', 'तहानलेली', 'मूक' ही विशेषणं एकदा खोडून पाहा. ज्या ओळी तरीही उभ्या राहतात त्या ठेवा. ज्या पडतात तिथे दुसरं विशेषण शोधत बसू नका. पुन्हा विहिरीवर जा आणि तिथलं काय पाहायचं राहिलं ते बघा.